हलूनकांचं कपाट

वहिनी पहिल्यांदा हलूनकांच्या स्टुडिओत शिरल्या तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. बाहेर पडल्या तेव्हा, त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, म्हाताऱ्या झाल्या होत्या.

एका कचेरीत टायपिस्टची जागा निघाली होती. अर्जाला छोटा फोटो चिकटवायचा होता आणि अर्ज त्याच दिवशी पाचच्या आत पोहोचवायचा होता. घड्याळात अकरा वाजले होते, म्हणजे वेळच वेळ. वहिनी गोल स्टुलावर बसल्या. समोर तीन पायांवर कॅमेरा होता, त्यावर काळं कापड होतं आणि कापडाखालून विजारीतले दोन पाय बाहेर आले होते. कापड गरजलं, "हलू नका!"

वहिनी हलल्या नाहीत.

"हनुवटी तीळभर वर. फार झाली. अर्धा तीळ खाली. आता डावा खांदा तीळभर पुढे. तुमचा डावा, माझा नाही. हलू नका!"

त्या दिवशी झालेले तीळ गोळा केले असते तर पोतं भरलं असतं. मधल्या काळात बाहेर ऋतू बदलले, दुकानांच्या पाट्या बदलल्या, वहिनींच्या मैत्रिणींची लग्नं होऊन त्यांची मुलं शाळेत जाऊ लागली. एक माशी येऊन वहिनींच्या नाकावर बसली. तिनेही "हलू नका" ऐकलं असावं, कारण तीही हलली नाही. अखेर पाचाला दहा मिनिटं कमी असताना 'खट्' असा आवाज झाला. कापडातून घामाघूम चेहरा बाहेर आला आणि समाधानाने म्हणाला, "झालं! आता उद्या या."

"उद्या?"

"मग? फोटो धुवायला नको का?"

ही हकिगत वहिनी गेली एकोणचाळीस वर्षं सांगतायत आणि दर वर्षी स्टुलावरचा मुक्काम तासाभराने वाढतो. नोकरी गेली हे मात्र खरं. दुसऱ्या दिवशी त्या सतरा अपमान पाठ करून स्टुडिओत गेल्या. हलूनकांनी फोटो पुढे सरकवला. फोटोतली मुलगी आत्ता काहीतरी बोलेल आणि ते ऐकण्यासारखं असेल, अशी दिसत होती. घरच्या आरशात ती वहिनींना कधी भेटली नव्हती. सतरापैकी नऊ अपमान तिथेच विसरायला झाले. उरलेले आठ ऐकवायला त्या रोज जाऊ लागल्या आणि सहा महिन्यांत दोघांनी लग्न केलं. वहिनींच्या मते ते भांडण अजून मिटलेलं नाही, मधे संसार झाला एवढंच.

हलूनका हे अर्थातच त्यांचं नाव नव्हे. खरं नाव बँकेला आणि डॉक्टरांना ठाऊक आहे. बाकी सगळ्या गल्लीला आयुष्यात कधी ना कधी त्या स्टुलावर बसावं लागलं होतं आणि प्रत्येकाने हे दोन शब्द ऐकले होते. शाळेचा सगळा वर्ग पायऱ्यांवर उभा असताना त्यांनी "हलू नका!" म्हटलं, की शेजारच्या मैदानावरचा खेळही थांबायचा, असं म्हणतात. वहिनींना गल्लीने वहिनी केलं आणि त्यांनी ते नाव विनातक्रार घेतलं, कारण "हलूनकाबाई" हा दुसरा पर्याय चर्चेत होता.

हलूनकांची दुसरी ख्याती डोळ्याची. अंतर मोजायला त्यांना टेप लागत नसे. डावा डोळा मिटायचा, उजवा किलकिला करायचा आणि निकाल द्यायचा: "सात फूट दोन इंच." वहिनी शिवणकाम करणाऱ्या. त्यांच्या गळ्यात सकाळपासून टेप असायची, आंघोळीला काढली तर काढली. लग्नानंतर पहिली दोन वर्षं त्या नवऱ्याच्या प्रत्येक निकालामागून टेप घेऊन धावल्या. दर वेळी सात फूट दोन इंचच निघायचे. मग त्यांनी नाद सोडला. पडद्याचं कापड, पलंगाची जागा, पोरीची उंची, सगळं त्या डोळ्यावर चाललं.

पुढे लोकांच्या खिशात फोन आले, फोनात कॅमेरे आले आणि स्टुलावर बसायला कुणाला सवड उरली नाही. चौदा वर्षांपूर्वी हलूनकांनी स्टुडिओ बंद केला आणि सगळं सामान तिसऱ्या मजल्यावरच्या घरी आणलं. त्याच्यासाठी खास कपाट करवून घेतलं. वरच्या फळीवर तीन कॅमेरे, त्याखाली भिंगं, त्याखाली फोटो मोठा करायचं बगळ्यासारखं मान वाकवून उभं असलेलं यंत्र, तळाशी ट्रे, लाल बल्ब आणि कॅमेऱ्याचं तीन पायांचं तिकाटणं.

दर रविवारी सकाळी कपाट उघडायचं. एकेक वस्तू मलमलीने पुसायची, कॅमेऱ्याची खटकी कानाशी धरून ऐकायची आणि पुन्हा ठेवायची. ओल लागू नये म्हणून नव्या बुटांच्या खोक्यात त्या ओल शोषणाऱ्या चिमुकल्या पुड्या असतात ना, त्या ठेवायच्या. पुड्यांसाठी ते चपलांच्या दुकानात जायचे. दुकानदार बिचारा कंटाळून म्हणायचा, "काका, एकदा बूटही घ्या की!"

"माझं आहे ते चांगलं आहे," हलूनका म्हणायचे. चौदा वर्षांत त्या कॅमेऱ्यांतून एकही फोटो निघाला नाही, पण गल्लीत त्यांच्याइतकं कोरडं काही नव्हतं.

आणि मग गुडघ्यांनी संप केला. हलूनकांचे गुडघे तिसऱ्या मजल्याला नकार देऊ लागले, तेव्हा दोघांनी तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर पाहिलं. घर छान होतं, फक्त आखूड होतं. पुढच्या खोलीत पलंग, आतल्या खोलीत ओटा, आणि वस्तू ठेवण्याजोगी भिंत एकच. वहिनींच्या गळ्यात टेप होतीच. त्यांनी ती हातात घेतली, तेवढ्यात हलूनका दारात उभे राहिले, डावा डोळा मिटला आणि म्हणाले, "साडेचार फूट."

"नक्की?"

"मला विचारतेस?"

वहिनींनी टेप पुन्हा गळ्यात टाकली. किती दिवसांनी तो डोळा मिटलेला दिसला होता. त्याला टेप लावून दाखवणं बरं दिसलं नसतं.

साडेचार फुटांत शिलाई मशीन येणार, नाहीतर कपाट. दोन्ही येणं शक्य नाही, हे मोजायला कुणाच्या डोळ्याची गरज नव्हती.

"मशीन येईल," हलूनका लगेच म्हणाले. "प्रश्नच नाही." आणि घरी पोहोचेपर्यंत पुढे एक शब्द बोलले नाहीत.

वहिनींना ते बोललेलं परवडलं असतं. त्यांनी लेकीला फोन लावला. लेक दुसऱ्या शहरात नोकरी करते आणि आईबापांच्या भांडणात टेलिफोनवरून पंच म्हणून काम बघते.

"मीच मशीन देऊन टाकू का गं?"

"आई, वेडी आहेस का? घर मशीनवर चालतं तुमचं. बाबांचा स्टुडिओ बंद झाल्यावर कोण शिवत होतं दिवसभर?"

"ते खरं गं. पण मशीन गेली तर मला दुसरी घेता येईल. त्यांना काय दुसरं मिळणार?"

"म्हणून घर कॅमेऱ्यांनी भरायचं? थांब, मी जाहिरात टाकते. विकायचं की नाही ते बाबाच ठरवतील, पण निदान माणसं येऊन बघू देत."

जाहिरात पडली आणि माणसं आली. आता विकायचं की ठेवायचं हे ठरवायची हलूनकांनी एक पद्धत काढली. ती इतकी न्याय्य होती, की तिच्यातून काहीच विकलं जाणं शक्य नव्हतं. ते येणाऱ्यापुढे काळी पिशवी ठेवायचे.

ही पिशवी म्हणजे बिनगळ्याचा सदराच. दुहेरी काळं कापड, एका बाजूने चेन आणि दोन बाह्या. आत फिल्म ठेवायची, स्टीलचं रीळ ठेवायचं, चेन लावायची आणि दोन्ही हात बाह्यांत घालून, काहीही न बघता, ती फिल्म रिळाच्या खाचांत वेढे देत चढवायची. कारण उजेड लागला की फिल्म मेली. हलूनका सरावाची एक वाया गेलेली फिल्म आत टाकायचे आणि म्हणायचे, "चढवा."

"मला फक्त कॅमेरा घ्यायचाय हो."

"ज्याला अंधारात फिल्म चढवता येत नाही, त्याने उजेडात कॅमेरा धरू नये."

पहिला आला तो कॉफीचं दुकान सजवणारा. त्याला बगळ्यासारखं यंत्र फार आवडलं. "याचा मस्त दिवा होईल," तो म्हणाला. हलूनकांनी त्याला पिशवीही दाखवली नाही, जिना दाखवला. दुसरा जुनी यंत्रं घेणारा व्यापारी होता. त्याने कपाटाकडे एक नजर टाकली आणि "सरसकट किती?" असं विचारलं. हलूनका म्हणाले, "आधी सरसकट हात आत घाला." तो गेला. तिसरे एक निवृत्त अधिकारी. त्यांनी कॅमेऱ्यांवर इतकं वाचलं होतं, की दोन तास तेच बोलले आणि हलूनकांना प्रथमच आयुष्यात ऐकावं लागलं. मग त्यांनी बाह्यांत हात घातले. वीस मिनिटांनी चेन उघडली तेव्हा आत मांजराने खेळलेला लोकरीचा गुंडा होता.

"ओल असेल आत," अधिकारी म्हणाले.

"ओल?" हलूनका म्हणाले. "माझ्या पिशवीत? ओल?" त्यानंतर अधिकाऱ्यांना बसता आलं नाही.

वहिनी मशीनवर शिवता शिवता हे सगळे खेळ बघत होत्या. प्रत्येक जण नापास झाला की हलूनका खुशीत येऊन पिशवीची घडी घालायचे आणि म्हणायचे, "बघितलंस? कुणालाच येत नाही."

"तुम्हाला येतं ना?" वहिनींनी एकदा विचारलं.

"म्हणजे काय!" ते म्हणाले आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

हल्ली त्यांचे हात बराच वेळ पाठीमागे असत. चहा ते अर्धाच कप मागायचे, "भूक मरते" म्हणायचे. दाढी वाढवली होती, "बरी दिसते" म्हणून. रविवारी कॅमेरे पुसायचे ते पलंगावर मांडी घालून, मांडीत उशी घेऊन. आणि वर्षभरापूर्वी वहिनींनी त्यांच्या सगळ्या शर्टांची बटणं काढून टिचबटणं लावली होती. हलूनकांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या होत्या, "काजं करून करून कंटाळा आला मला. हे बरं, दाबलं की झालं."

घर रिकामं करायला नऊ दिवस उरले असताना चौथ्या आल्या त्या एक बाई. चाळिशीच्या, खांद्याला मोठी पिशवी, केसांत पेन्सिल. चित्रकलेच्या शाळेत फोटोग्राफी शिकवायच्या. त्यांनी कपाट उघडायला सांगितलं, पण कशाला हात लावला नाही. आधी वास घेतला.

"कोरडं ठेवलंय," त्या म्हणाल्या.

हलूनकांची छाती दोन इंच पुढे आली. पण नियम तो नियम. पिशवी पुढे आली. "चढवा."

बाईंनी स्टीलचं रीळ हातात घेऊन फिरवून पाहिलं. "आमच्याकडे प्लास्टिकची आहेत, त्यांच्या खाचा वेगळ्या. या रिळावर मी कधी चढवली नाही. एकदा तुम्ही दाखवा, मग मी करते."

खोलीत मशीनचा आवाज थांबला.

आतापर्यंत कुणीही असं म्हटलं नव्हतं. ज्यांना येत नव्हतं ते येतंय म्हणत होते. येत नाही असं सरळ सांगणारी बाई हलूनकांच्या परीक्षेत बसतच नव्हती. त्यांनी घसा खाकरला. "दाखवायचं काय त्यात? सोपं आहे."

"मग दाखवाच."

हलूनका खुर्चीत बसले. पिशवी मांडीवर घेतली, फिल्म आणि रीळ आत ठेवलं, चेन लावली आणि बाह्यांत हात घातले. बाई पुढे झुकून बघू लागल्या. पिशवी हलू लागली. आत मांजर कोंडल्यासारखी ती इकडून तिकडे, तिकडून इकडे धडपडली. रीळ एकदा निसटल्याचा आवाज आला. मग पुन्हा.

"फिल्म जुनी आहे," हलूनका म्हणाले. "वळलीये." त्यांच्या कपाळावर घाम आला होता, स्टुडिओतल्या त्या पहिल्या दिवसासारखा. "खाच सापडत होती आत्ता... थांबा."

वहिनी उठल्या. हातातलं ब्लाउज मशीनवर टाकून त्या त्यांच्या शेजारी स्टूल घेऊन बसल्या.

"असे कसे एकटेच निघालात?" त्या म्हणाल्या. "आपलं नेहमी दोघांनी करायचं ठरलंय ना?" आणि बाईंकडे वळून, "अहो, शाळांचे वार्षिक फोटो असायचे ना, तेव्हा एकेका दिवशी वीस-वीस फिल्मा असायच्या. एक हात यांचा, एक माझा. त्याशिवाय उरकायच्याच नाहीत."

शाळांच्या दिवसांत वहिनींनी फिल्मा चढवल्या होत्या हे खरं. एक हात यांचा, एक माझा हे मात्र त्यांनी आत्ता, स्टूल सरकवता सरकवता रचलं होतं.

त्यांनी हलूनकांचा डावा हात बाहीतून काढला, त्यांच्याच गुडघ्यावर ठेवला आणि त्या जागी आपला डावा हात आत घातला. अंधारात त्यांना आधी रीळ सापडलं, मग फिल्मचं टोक, आणि मग ते टोक धरलेली दोन बोटं. ती बोटं मशीनच्या सुईसारखी थरथरत होती. वहिनींनी रीळ आपल्या तळव्यावर टेकवलं आणि करंगळीने ती बोटं तिथेच दाबून धरली.

मग हळूच म्हणाल्या, "हलू नका."

हलूनकांनी त्यांच्याकडे पाहिलं. चित्रकलेच्या बाईंना अचानक छतावरच्या पंख्यात फार रस निर्माण झाला.

टोक खाचेत बसलं. मग वहिनी रीळ फिरवत राहिल्या आणि हलूनका फिल्म सोडत राहिले, एक वेढा, दुसरा वेढा, असं करत शेवटपर्यंत. चेन उघडली तेव्हा फिल्म रिळावर एकसारखी बसली होती. वेढ्याला वेढा कुठेही चिकटला नव्हता.

"वा!" बाई म्हणाल्या. "आता मी." त्यांनी फिल्म उलगडली, पुन्हा आत टाकली आणि हात घातले. चार मिनिटं गेली. मग त्या स्वतःहूनच म्हणाल्या, "तिसरा वेढा चुकलाय. कळलं मला बोटाला. काढून पुन्हा करते." आणि पुन्हा केली. या वेळी चेन उघडल्यावर हलूनकांनी रीळ खिडकीशी नेलं. ते उजेडात नीट बघता यावं म्हणून दोन्ही हातांनी धरावं लागलं, आणि हात लपवायचे त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

"मुलांना हे शिकवता?"

"हो. निम्मी रडतात."

"रडली पाहिजेत," हलूनका म्हणाले. मग रीळ बाईंच्या हातात ठेवून म्हणाले, "घेऊन जा. सगळं. कपाटासकट."

किमतीवरून घासाघीस झाली ती उलटीच. बाई वर जात होत्या आणि हलूनका त्यांना खाली ओढत होते. शेवटी वहिनींनी मधला आकडा सांगून दोघांना गप्प केलं. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. प्रत्येक वस्तू जिन्यावरून खाली जाताना हलूनका वरून ओरडत होते, "हळू! भिंतीकडे हळू! तिकाटण्याचा तिसरा पाय चावरा आहे, बोट सांभाळा!" शेवटी त्यांनी पुड्यांची बरणीही बाईंच्या हातात ठेवली आणि चपलांच्या दुकानाचा पत्ता दिला.

त्या संध्याकाळी भिंतीवर कपाटाच्या आकाराचा स्वच्छ चौकोन उरला होता. वहिनींनी चहा केला. अर्धा कप त्यांच्या पुढे ठेवला, मग विचार बदलून उरलेला अर्धाही त्यात ओतला आणि खाली खोलगट बशी दिली.

"कधीपासून माहीत आहे तुला?" हलूनकांनी विचारलं.

"टिचबटणं लावली तेव्हापासून."

त्यांनी शर्टाचं एक टिचबटण चाचपलं. "मला वाटलं, काजं करायचा कंटाळा आला."

"एकोणचाळीस वर्षांत मला कंटाळा येऊ दिलात का तुम्ही? डॉक्टरांकडे जायचंय सोमवारी. मी नंबर लावलाय."

"मला न विचारता?"

"मला न विचारता तुम्ही माझी नोकरी घालवली होती."

"तो फोटो चांगला आला होता पण."

"फोटोचं कुणी काही म्हणतंय का?" वहिनी म्हणाल्या. हलूनकांनी दोन्ही हातांनी कप उचलला. थोडा चहा बशीत सांडला, तो बशीतून प्यायले. डॉक्टरांकडे जाईन म्हणाले नाहीत, आणि नाही असंही म्हणाले नाहीत, म्हणजे वहिनींच्या हिशेबी जाणार होते.

पुढच्या आठवड्यात ते तळमजल्यावर राहायला गेले. गड्यांनी मशीन त्या एकमेव भिंतीला लावली. हलूनका दारात उभे राहून म्हणाले, "बघ, कशी चपखल बसली!" आणि गुडघ्यांचं कौतुक करत बाहेर फेरी मारायला गेले.

वहिनींना मशीनच्या बाजूला जरा जास्तच भिंत दिसली. त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि लावून पाहिली. भिंत सव्वासहा फूट होती. मशीन तीन फूट, कपाट पावणेतीन. दोन्ही मावून अर्धा फूट उरला असता.

त्यांनी टेप गुंडाळली आणि हलूनकांना काही सांगितलं नाही. त्या जागी आता इस्त्रीचं टेबल आहे.